एका सिनेमाला मराठी सबटायटल्स लावताना

९ जानेवारी २०२५, गुरुवार. रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉपवर सिनेमा लावून बसले होते आणि मावशी मागे खुर्चीत स्वेटर विणत होती. दहा मिनिटांनी सुई थांबली. "काय म्हणतेय गं ती?" मी थांबवून सांगितलं. पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. तो सिनेमा जेमतेम दोन तासांचा, पण आम्हाला चार रात्री लागल्या, कारण मी एकेक वाक्य थांबवून मराठीत सांगत होते.

मावशी ७८ वर्षांची आहे. आयुष्यभर मराठी शिकवलं. इंग्रजी पुस्तक समोर धरलं तर ती सावकाश वाचते, पण पडद्यावर पळणाऱ्या ओळी तिला पकडता येत नाहीत. चौथ्या रात्री सिनेमा संपल्यावर ती म्हणाली, "हा मला सलग बघायचाय. मधे तुझा आवाज नको." त्या वाक्यापासून सहा महिने आणि आठ दिवसांनी, २० जुलैला, तिने तो सलग पाहिला. आणखी ६२ जण सोबत होते. परदेशी सिनेमा रीतसर परवानगी घेऊन मराठी सबटायटल्ससह दाखवायचा तर काय काय करावं लागतं, हे मी शोधत होते तेव्हा एका जागी कुठे मिळालं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सिनेमा आहे ब्रुनो बारेतो यांचा २०१३ सालचा 'फ्लोरेस रारास', म्हणजे दुर्मीळ फुलं. इंग्रजीत त्याचं नाव 'रीचिंग फॉर द मून'. अमेरिकन कवयित्री एलिझाबेथ बिशप १९५१ साली ब्राझीलला गेली, थोड्या दिवसांची पाहुणी म्हणून. तिथे लोता दे मासेदो सोआरेस या स्त्रीच्या प्रेमात पडली आणि दीड दशक तिथेच राहिली. लोता वास्तुकलेतली कुठलीही पदवी नसलेली, स्वतःच शिकलेली. रिओच्या समुद्रकाठचं प्रचंड मोठं फ्लामेंगो उद्यान तिच्या देखरेखीखाली उभं राहिलं. मिरांडा ओटो एलिझाबेथ झालीय आणि ग्लोरिया पिरेस लोता.

मावशीला तो एवढा का लागला, हेही सांगायला हवं. ती आणि शाळेतल्या भूगोलाच्या बाई ४१ वर्षं एका घरात राहिल्या. मी त्यांना बाईमावशी म्हणायचे. २०२३च्या पावसाळ्यात बाईमावशी गेल्या. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात मावशीने 'मैत्रीण' लिहिलं, तर तिथल्या माणसाने कागद परत केला, नातेवाइकाची सही आणा म्हणाला. त्यांचा पुतण्या नाशिकहून येईपर्यंत मावशी तो कागद हातात धरून बाकावर बसून होती. मी तिच्या शेजारी होते.

आता कामाचं. पहिली गोष्ट परवानगी. तुमच्याकडे डीव्हीडी असली किंवा वर्गणी भरलेलं ॲप असलं, तरी ते घरी बघण्यापुरतं. सभागृहात चार माणसं जमवून दाखवायचं तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी लागते. सिनेमाच्या शेवटच्या पाट्यांवरून कंपन्यांची नावं मिळतात, पण हक्क पुढे कुणाकडे गेलेत ते विचारतच जावं लागतं. मी १४ जानेवारीला पहिली मेल पाठवली. उत्तर नाही. २८ला दुसरी. तेही नाही. मग १० फेब्रुवारीला वेगळ्या पत्त्यावर लिहिलं, आणि या वेळी लांबलचक प्रस्तावना काढून टाकून फक्त सहा गोष्टी लिहिल्या: कोण दाखवणार, कुठे, कधी, किती माणसं, तिकीट आहे की नाही, सबटायटल्स कुठल्या भाषेत. १९ फेब्रुवारीला उत्तर आलं. तुम्ही लिहाल तर पहिल्यापासून असंच लिहा, माझे चार आठवडे वाचले असते.

अटी अशा होत्या: एकच खेळ, जास्तीत जास्त ८० प्रेक्षक, तिकीट नाही, फी २०० डॉलर आणि ती त्यांच्या हातात पूर्ण पडली पाहिजे. मराठी सबटायटल्सची अंतिम फाईल त्यांना द्यायची. खेळ झाल्यावर दहा दिवसांत प्रेक्षकसंख्या कळवायची आणि सिनेमाची फाईल पुसून टाकायची. बदल्यात ते संवादांची इंग्रजी सबटायटल फाईल पाठवणार होते. ती मिळाल्यावर मी खरोखर मोकळा श्वास घेतला, कारण सिनेमात इंग्रजीबरोबर पोर्तुगीजही आहे आणि मला ती येत नाही.

'पूर्ण पडली पाहिजे' या तीन शब्दांनी माझा मार्च महिना खाल्ला. परदेशी कंपनीला सिनेमा दाखवण्याचे पैसे देणं म्हणजे आयकराच्या भाषेत रॉयल्टी, आणि त्यावर तेव्हाच्या, १९६१च्या, आयकर कायद्याच्या कलम १९५ खाली देणाऱ्याने कर कापायचा होता. देणारा साधा नोकरदार असला तरीही. दर २० टक्के आणि वर ४ टक्के उपकर, म्हणजे २०.८. दोन देशांतल्या करारामुळे दर कमी होऊ शकत होता, पण त्यासाठी कंपनीने तिच्या देशातलं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट आणि फॉर्म १०एफ द्यावा लागत होता. एवढ्याशा रकमेसाठी आम्ही ते करत नाही, असं त्यांनी कळवलं. त्यांना २०० डॉलर पूर्ण हवेत म्हटल्यावर कर माझ्या खिशातून, आणि तोही २००वर नाही, कर धरून चढवलेल्या रकमेवर. बँकेने ८७ रुपयांचा दर लावला. १७,४०० रुपये त्यांचे, ४,५७० कर.

हा कर भरायला पॅन पुरत नव्हता, टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा नंबर, लागत होता. तेव्हा फॉर्म ४९बी, फी ७७ रुपये. ३ मार्चला अर्ज केला, १४ला नंबर आला. मग आयकराच्या पोर्टलवर टॅनची वेगळी नोंदणी, मग परदेशी पैसे पाठवण्याआधी भरायच्या फॉर्म १५सीएचा भाग ए. वर्षाला पाच लाखांच्या आतल्या रकमेला हा भाग पुरत होता, सीएचं १५सीबी प्रमाणपत्र लागत नव्हतं. बँकेत मात्र काउंटरवर ते मागितलंच. मी परत आले. आमच्या सीएंनी आयकर नियम ३७बीबी छापून दिला, त्यातल्या ओळीवर पिवळी खूण करून. दुसऱ्या खेपेला तो वरच्या साहेबांना दाखवला, तिसऱ्या खेपेला परकीय चलनासाठीचा ए२ फॉर्म भरून घेतला. २७ मार्चला पैसे गेले. मार्चअखेरीला बँकेत अशा कामासाठी जाऊ नका, सगळ्यांचेच चेहरे थकलेले असतात. मार्चमध्ये कापलेला कर ३० एप्रिलपर्यंत भरायचा होता आणि २७क्यू हे विवरणपत्र ३१ मेपर्यंत. हे सगळं २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं आहे. तुमच्या वेळी दर आणि फॉर्म तेच आहेत का, ते आधी सीएला विचारा.

संध्याकाळी साडेसात ते दहा मात्र दुसरं काम चालू असायचं, आणि त्यासाठी मी दिवसभर थांबून राहायचे.

सबटायटल्ससाठी मी 'सबटायटल एडिट' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरलं. एकूण १,०८६ ओळी झाल्या. टायपिंग युनिकोडमध्येच करा आणि फाईल यूटीएफ-८मध्ये साठवा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर सगळी प्रश्नचिन्हं दिसतात. इंग्रजीत एका ओळीत साधारण ४२ अक्षरं चालतात. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांट्या धरून सॉफ्टवेअर भलतंच मोजतं, म्हणून मी मोजणं सोडलं आणि मावशीला समोर बसवलं. ओळ दाखवायची, ती मनात वाचून बोट वर करणार, मी मोबाइलवर वेळ बघणार. बोट वर व्हायच्या आत ओळ गेली तर वाक्य लहान करायचं. सत्तरीच्या माणसाला पुरली म्हणजे सगळ्यांना पुरते.

पण खरी गोष्ट अडली ती 'यू'पाशी. इंग्रजीत दोघी पहिल्या भेटीपासून शेवटच्या भांडणापर्यंत एकमेकींना 'यू'च म्हणतात. मराठीत मला ठरवावं लागणार होतं, तुम्ही की तू. सुरुवातीला तुम्ही, हे उघड होतं. एलिझाबेथ भिडस्त, लोता घरची मालकीण, एकमेकींशी जमतही नाही. मग 'तू' कुठल्या मिनिटाला? आणि आधी कोण म्हणणार? मी पहिल्या खर्ड्यात सोपा मार्ग घेतला होता. पहिल्यांदा जवळ येतात त्या प्रसंगापर्यंत तुम्ही, त्यानंतर तू.

मावशीने तो भाग पाहिला आणि मान हलवली. "असं नसतं गं."

मी विचारलं, मग कसं असतं?

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आम्ही शाळेत तीन वर्षं अहो-जाहो करत होतो. अहो बाई, डबा आणलात का, अहो बाई, पेपर तपासून झाले का. मग हिला टायफॉइड झाला. नारायण पेठेतल्या खोलीत एकटी होती. मी औषधाचा चमचा पुढे केला आणि म्हटलं, 'घे.' तेवढंच. आमच्या दोघींच्याही ते लक्षात आलं. पण परत कुणी 'घ्या' म्हटलं नाही."

त्या रात्री मी ८० ओळी पुन्हा लिहिल्या. 'तू' प्रेमाच्या प्रसंगातून काढून बऱ्याच आधीच्या एका साध्या, रोजच्या बोलण्यातल्या वाक्यावर आणलं. एका क्रियापदाचा शेवट तेवढा बदलला. प्रेक्षकाला कळेल न कळेल. पण पुढचं प्रेम त्यानंतर मराठीत खरं वाटायला लागलं.

दुसरी गंमत क्रियापदांचीच. इंग्रजीत 'मी थकले' म्हणणारी बाई आहे की पुरुष, हे वाक्यावरून कळत नाही. मराठीत 'मी थकले', 'तू कधी आलीस', 'मी वाट बघत होते' असं लिहिताना दोघीही बायका आहेत हे दर ओळीला उमटत जातं, लपवता येत नाही. आमच्या वाचनकट्ट्यातल्या एका काकूंनी मला भीत भीत विचारलं होतं की ते जरा मोघम ठेवता येईल का. मी त्यांना हेच दाखवलं. आपली भाषाच मोघम ठेवू देत नाही. काकू हसल्या आणि नंतर प्रूफंही त्यांनीच तपासली.

पोर्तुगीज संवादांसाठी गोव्यातल्या एका ओळखीच्या आजोबांना फोनवर दोन प्रसंग ऐकवले. त्यांनी तीन जागी इंग्रजीपेक्षा जवळचा शब्द सुचवला. आणि एक सांगितलं, ऐकताना कान उघडे ठेव, आपलेच शब्द भेटतील. चावी, पाव, बटाटा, अननस, हे सगळं त्याच वाटेने आपल्याकडे आलंय. काजूसुद्धा मूळचा ब्राझीलचाच. ब्राझीलमध्ये पोचल्यावर एलिझाबेथने काजूचं बोंड खाल्लं आणि तिला इतकी भयंकर ॲलर्जी झाली की चेहरा, हात सुजून ती अंथरुणाला खिळली. तिचा पुढचा प्रवास राहिला आणि लोताच्या घरी मुक्काम वाढला. माहितीपत्रकात हे लिहिताना रत्नागिरीच्या एक काकू म्हणाल्या, काजूचा चीक अंगाला लागला तर काय होतं ते आम्हाला विचारा.

शेवटी कविता. एलिझाबेथची 'वन आर्ट' ही कविता सिनेमाच्या सुरुवातीला कच्ची आणि शेवटी पूर्ण होऊन येते. प्रत्यक्षात ती तिने लिहिली १९७५-७६मध्ये, लोता १९६७ला न्यूयॉर्कमध्ये वारल्यानंतर आठेक वर्षांनी. तिचे १७ खर्डे तिच्या कॉलेजच्या, वासारच्या, संग्रहात जपून ठेवलेले आहेत. एकोणीस ओळींची व्हिलानेल, त्यात दोन ओळी फिरून फिरून येतात. किल्ल्यांपासून सुरू होते, मग आईचं घड्याळ, घरं, शहरं, नद्या, एक अख्खं खंड, आणि शेवटी 'तू'. इंग्रजीत या सगळ्याला एकच क्रियापद आहे. मराठीत किल्ली हरवते, वेळ वाया जातो, घर सुटतं, संधी गमावतो आणि माणूस जातं. पाच वेगवेगळी क्रियापदं घातली तर मराठी गोड होते आणि कविता मरते. मी अकरा दिवस त्या एका पानावर होते. शेवटी मावशीला विचारलं, "माणूस हरवलं म्हटलं तर चुकीचं वाटेल का गं? जत्रेत हरवल्यासारखं?"

"मला तर तसंच वाटतं," ती म्हणाली. "इथेच कुठेतरी असेल असं."

सगळीकडे 'हरवणं' ठेवलं.

माहितीपत्रकात अख्ख्या कवितेचं भाषांतर छापायचा मोह झाला होता, तो आवरला. सिनेमाच्या परवानगीत संवादांची सबटायटल्स आली, पण छापील कवितेचे हक्क वेगळे. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं ते राहतात. बिशप १९७९ला गेली, म्हणजे २०३९अखेरपर्यंत विचारल्याशिवाय छापता येत नाही. पत्रकात फक्त तिचं चरित्र दिलं. शेवटी एक ओळ घातली, की ही कविता ज्या संग्रहात आली त्याचं नाव 'जिऑग्रफी थ्री', भूगोल तिसरा. ती ओळ बाईमावशींसाठी होती.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. सार्वजनिक प्रदर्शनाला १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, आणि सूट द्यायचा अधिकार नवव्या कलमाने केंद्र सरकारला आहे. वाचनकट्ट्याने यात एकट्याने पडू नये. आम्ही शहरातल्या एका जुन्या फिल्म क्लबकडे गेलो, त्यांना ही वाट माहीत होती. कथासार, कालावधी, भाषा, हक्कधारकांचं पत्र हे आम्ही दिलं, पुढचा पत्रव्यवहार त्यांनी केला. आम्ही सगळे त्यांचे सभासद झालो आणि खेळ फक्त सभासदांसाठी ठेवला.

तारीख आधी २२ जून धरली होती. हॉलचे पैसे भरायला निघाले तेव्हा मावशीने कॅलेंडर दाखवलं: २० जूनला पालख्या पुण्यात, २२ला निघणार. त्या दिवशी वयस्क माणसांना रिक्षा कुठून मिळणार? पुण्यात जून-जुलैचा कार्यक्रम असेल तर आधी पालखीच्या तारखा बघा, ऑगस्ट-सप्टेंबरचा असेल तर गणपतीच्या. आम्ही २० जुलै घेतली.

७ जुलैला कंपनीची मुख्य फाईल उतरवून घेतली, माझी सबटायटल्स लावली आणि पोटात खड्डा पडला. पहिल्या मिनिटाला सगळं बरोबर, दहाव्या मिनिटाला ओळी पुढे-मागे, आणि शेवटाला तर चार मिनिटांहून जास्त फरक. मी ज्या प्रतीवर काम केलं होतं ती सेकंदाला २५ चौकटींची होती, ही २४ची. हे माहीत नसल्याने मी दोन रात्री हाताने ओळी सरकवत बसले. सॉफ्टवेअरमध्ये 'चेंज फ्रेम रेट' असा पर्याय आहे, तो वापरला आणि एका मिनिटात १,०८६ ओळी जागेवर आल्या. पहिल्याच दिवशी दोन्ही प्रतींचा फ्रेम रेट विचारून घ्या.

हॉलवर तालीम केली १७ला. तिथल्या लॅपटॉपवर जोडाक्षरं फुटली. 'क्ष'चा पाय मोडलेला, रफार भलत्याच अक्षरावर. फॉन्टच्या भानगडीत पडण्यापेक्षा, कंपनीला विचारून, ओळी चित्रातच पक्क्या बसवलेली प्रत घरी तयार केली. सहा तास लॅपटॉप चालू होता, खाली पंखा लावून. पण त्यानंतर कुठल्याही मशीनवर तेच दिसणार हा भरवसा आला.

खर्च: फी आणि कर मिळून २१,९७०, बँक १,१८०, टॅन ७७, सीए ३,५००, हॉल आणि प्रोजेक्टर ५,५००, पत्रकं ९००, चहा आणि बटाटेवडे २,८००. एकूण ३५,९२७. कट्ट्यातल्या २२ जणींनी प्रत्येकी हजार दिले, उरलेले मावशीने आणि मी.

२० जुलैला सकाळपासून पाऊस होता. चारला ६३ माणसं आली, ओल्या छत्र्या दाराशी एका बादलीत. मावशी मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीत. मी शेवटी उभी होते आणि पडद्याकडे न बघता डोक्यांकडे बघत होते. ओळ येते तेव्हा डोकी जरा खाली येतात आणि परत वर जातात. पहिली दहा मिनिटं ती हालचाल दिसत होती. नंतर दिसेनाशी झाली. कविता आली तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी चष्मे काढले. मावशीने काढला नाही, तिला वाचायचं होतं.

आणि शेवटाकडच्या एका भांडणात मला चूक दिसली. ९१२वी ओळ. पहिल्या खर्ड्यातलं एक 'तुम्ही' तसंच राहिलं होतं. सहा महिन्यांत चार जणींनी तपासूनही. माझे कान तापले. घरी जाताना रिक्षात मी मावशीला म्हटलं, कंपनीला फाईल पाठवायच्या आधी ते दुरुस्त करते.

"कुठलं गं?"

सांगितलं.

"ते चुकलंय होय?" ती म्हणाली. "मला वाटलं तू मुद्दाम ठेवलंस. फार भांडण झालं की हीसुद्धा मला 'अहो बाई' म्हणायची."

२९ जुलैला अहवाल पाठवला: प्रेक्षक ६३, तिकीट नाही, सिनेमाची प्रत पुसली. सोबत सबटायटल्सची अंतिम फाईल. ९१२वी ओळ तशीच ठेवली.